झोप येत नाही, हा आजार यादीतच नाही म्हणे!

पहाटेचे पावणेचार वाजलेत. सलग तिसरी रात्र. डोळे चुरचुरताहेत, डोकं जड झालंय आणि साडेआठला कामावर हजर व्हायचंय. नऊ वर्षं हेच चाललंय माझं! मेलाटोनिनच्या गोळ्या झाल्या, सीबीटी-आय ही निद्रानाशावरची समुपदेशनाची थेरपी झाली, संध्याकाळचा चहा सोडून झाला. झोल्पिडेम ही झोपेची गोळी मात्र पाच मिनिटांत लिहून मिळाली. माणसं अर्धवट झोपेत उठून चालतात, गाडीसुद्धा चालवतात, म्हणून एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, २०१९ साली ज्या गोळीवर चौकटीतला सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, तीच ही गोळी. ती चालते!

आणि मेडिकल मारिवाना, म्हणजे औषध म्हणून गांजा? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात त्याचं कार्ड हवं तर आजार राज्याच्या यादीत असावा लागतो. निद्रानाश त्यात नाही. अँक्झायटी आहे, तीही २०१९ मध्ये घातलेली. म्हणून सर्टिफिकेट देणारे डॉक्टर मला फोनवर विचारतात, "अँक्झायटी आहे का? पाठबिठ दुखते का?" अहो, नाही दुखत! मला झोप येत नाही, आणि तेवढ्यानेच माझं आयुष्य पोखरलंय. ते का पुरत नाही तुम्हाला? खरं बोललं की दार बंद, खोटं बोललं की कार्ड. आणि ते खोटं माझ्या मेडिकल रेकॉर्डवर कायमचं चिकटणार.

मिनेसोटाने २०१८ पासून स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) यादीत चालवून घेतला, तोही झोपेच्या डॉक्टरांची संघटना त्याच वर्षी 'नको' म्हणत असताना. ओक्लाहोमात तर यादीच नाही, डॉक्टरला पटलं की झालं. मग माझा आजार खरा की खोटा, हे राज्याची हद्द ठरवणार?

पुरावे कमी आहेत, म्हणतात. आहेतच कमी! केंद्र सरकारच्या १९७०च्या कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंक्तीला बसवलं, पुढची पन्नास वर्षं संशोधन करणाऱ्यांची वाट अडवली, आणि आता आम्हालाच विचारता पुरावा कुठाय? (अमेरिकेत कायम राहायचा परवाना असलेल्या ग्रीन कार्डवाल्यांनो, तुम्ही तर या वाटेलाच जाऊ नका. राज्याने परवानगी दिली तरी नागरिकत्वाच्या अर्जात हे आडवं येतं.)

मी डॉक्टरांना 'नाही, पाठ दुखत नाही' असंच सांगितलं. फी गेली, कार्ड नाही. इन्शुरन्स यातलं काहीच देत नाही, त्यामुळे सगळा भुर्दंड माझाच. दुसऱ्याच दिवशी फार्मसीचा मेसेज आला: झोल्पिडेमचा रिफिल तयार आहे.