“लिंक अप आहे ना, मग एरर बघू नका” या संदेशाला उत्तर

स्टोरेज सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: “सॅन स्विचच्या पोर्टचा दिवा हिरवा असेल तर एरर काउंटर बघू नका, ते जुने आकडे असतात. थोडे सीआरसी एरर मानकालाही मान्य आहेत. फारच वाढले तर त्या पोर्टची केबल बदला आणि काउंटर क्लिअर करा. बाकी मल्टिपाथ सांभाळून घेतो. ट्रॅफिक कमी असेल तर कन्जेशन नसतंच.” (सॅन म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणारं नेटवर्क. सीआरसी एरर म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेमची, म्हणजे डेटाच्या पाकिटाची, नोंद. मल्टिपाथ म्हणजे स्टोरेजकडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणारं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर. कन्जेशन म्हणजे ट्रॅफिकची कोंडी.) आता हा मजकूर आमच्या टीममधल्या नव्या सहकाऱ्याने रात्रपाळीच्या चेकलिस्टमध्येच चिकटवलाय. चेकलिस्टमध्ये शिरलेलं वाक्य पुढे कुणी तपासत नाही, म्हणून हे उत्तर.

सगळ्यात घातक वाक्य मल्टिपाथचं. मल्टिपाथ मेलेला मार्ग सोडतो, आजारी मार्ग त्याला दिसत नाही. फायबर चॅनलवर (सॅनच्या प्रोटोकॉलवर) स्टोरेजचं ट्रॅफिक क्लास ३ चं, म्हणजे पोचपावतीशिवायचं, असतं. फ्रेम बिघडली किंवा टाकून दिली गेली, तर लिंकच्या पातळीवर ती कुणी पुन्हा पाठवत नाही. कमांडची किंवा तिच्या उत्तराची फ्रेम हरवली, तर होस्टला (सर्व्हरला) ते सहसा टाइमआउट झाल्यावरच कळतं, आणि लिनक्समध्ये डिस्कचा हा टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा असतो. तेवढा वेळ तो आयओ (वाचण्या-लिहिण्याचं काम) लटकतो. इकडे मार्ग तपासणारी चिमुकली कमांड बहुतेक वेळा सुखरूप पोचते, मार्ग ‘ॲक्टिव्ह’ ठरतो आणि पुढचे आयओ पुन्हा त्याच खराब लिंकवर जातात. डेटाबेसवाले ओरडत असतात आणि डॅशबोर्डवर सगळे मार्ग हिरवे! लिनक्सच्या मल्टिपाथमध्ये असे मार्ग बाजूला काढायला ‘मार्जिनल पाथ’च्या सेटिंग आहेत, पण त्या आपण भराव्या लागतात. त्या नसतील तर दुसरे मार्ग शाबूत आहेत याची खात्री करा आणि खराब पोर्ट स्वतः डिसेबल करा.

“त्या पोर्टची केबल बदला.” कुठल्या पोर्टची? ब्रोकेड स्विच फ्रेम पूर्ण यायच्या आधीच पुढे पाठवायला लागतो, त्यामुळे एकच बिघडलेली फ्रेम वाटेतल्या अनेक पोर्टांवर मोजली जाते. ती जिथे पहिल्यांदा पकडली जाते, तिथे तिच्या शेवटच्या खुणेवर ‘अवैध’ शिक्का बसतो. म्हणून ‘पोर्टएररशो’ या कमांडमध्ये ‘सीआरसी एरर’च्या शेजारचा ‘सीआरसी जी-ईओएफ’ (बिघडलेल्या, पण अजून शिक्का न बसलेल्या फ्रेम) हा रकाना बघायचा. तो वाढत असेल तर दोष त्याच लिंकवर आहे. फक्त पहिला वाढत असेल तर दोष फ्रेम आली त्या दिशेला, मागे कुठेतरी. सिस्को एमडीएस अशी फ्रेम आत येतानाच टाकून देतो, तिथे हा घोळ नाही. लिंक सापडली की ‘एसएफपीशो’ या कमांडमध्ये पलीकडची टीएक्स (पाठवलेल्या प्रकाशाची) पॉवर आणि इकडची आरएक्स (मिळालेल्या प्रकाशाची) पॉवर ताडून बघा, ३ डीबीचा फरक म्हणजे निम्मा प्रकाश वाटेत गेला. आधी कनेक्टर साफ करा, मग पॅचकॉर्ड बदला, मग दोन्ही टोकांचे एसएफपी (पोर्टमध्ये बसणारे ऑप्टिकल मॉड्यूल). एका वेळी एकच बदल, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

मानकाचा दाखला अर्धाच दिलाय. फायबर चॅनलच्या एफसी-पीआय मानकात १ लाख कोटी बिटांमागे १ चूक ही कमाल मर्यादा आहे. १६जी (१६ गिगाबिट वर्गाच्या) लिंकवर एवढे बिट साधारण ७१ सेकंदांत जातात. मिनिटाला वीस-वीस नवे सीआरसी दिसत असतील तर लिंक मानकाबाहेर आहे, ‘मान्य’ नाही. ३२जीवर एफईसी (चूक-दुरुस्तीचं तंत्र) सक्तीचं असतं आणि ते चुका दुरुस्त करत राहतं. तिथे ‘अनकरेक्टेड’चा (दुरुस्त न झालेल्या चुकांचा) आकडा वाढला तर थांबू नका.

जुने आकडे असतात हे, नाइलाजाने, मान्य. सर्व्हर रीबूट झाला की लॉस ऑफ सिंक, लॉस ऑफ सिग्नल हे काउंटर वाढतातच, त्यात बिघाड नाही. पण म्हणूनच आउटपुट जतन करून मग क्लिअर करायचं, आणि तासाभराने व २४ तासांनी वाढ बघायची. नोंद न ठेवता क्लिअर केलं तर पुरावाच गेला.

कन्जेशनचं विधान साफ चूक. समोरचं उपकरण बफर क्रेडिट (पुढची फ्रेम पाठवायची परवानगी) परत देत नसेल तर पोर्ट पाठवूच शकत नाही, आणि ट्रॅफिक त्यामुळेच कमी दिसतं. ब्रोकेडवर ‘टिम-टीएक्सक्रेडिट-झेड’ हा काउंटर क्रेडिट शून्य असताना दर २.५ मायक्रोसेकंदाला १ ने वाढतो. सेकंदाला १ लाखाने वाढत असेल तर पोर्ट पाव वेळ अडकून आहे. अशा वेळी त्या पोर्टला जोडलेला होस्ट किंवा स्टोरेज तपासा. आयएसएल (दोन स्विचना जोडणारी लिंक) असेल तर पुढच्या स्विचवर जाऊन हाच काउंटर बघा.