मुदतवाढ नोंदणीला मिळते, ताब्याला नाही

रखडलेल्या इमारतींच्या ग्राहकांमध्ये एक संदेश फिरतोय: "प्रकल्पाची सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) संपलीय, म्हणजे बांधकाम बेकायदा. महारेराने (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणीला मुदतवाढ दिली की ताब्याची तारीखही पुढे जाते, मग व्याज मागता येत नाही. आणि मुदतवाढीला संमती दिली नाही तर नोंदणी रद्द होऊन पैसे बुडतील." यातलं एकही विधान धड नाही.

सीसीचं आधी, कारण ते लवकर मिटतं. एमआरटीपी कायद्याच्या (राज्याचा नगररचना कायदा) कलम 48 प्रमाणे परवानगी एक वर्षाची, वाढवून आणखी तीन वर्षं. पण मुंबईबाहेर लागू असलेल्या युनिफाइड डीसीपीआरमध्ये (एकत्रित बांधकाम नियमावली) स्पष्ट आहे: मुदतीत जोत्यापर्यंत (बेसमेंट किंवा स्टिल्ट असेल तर त्याच्या वरच्या पातळीपर्यंत) काम झालं, तर नूतनीकरण लागत नाही. बारा मजले उभे असताना सीसीवरची जुनी तारीख दाखवणं म्हणजे नुसतं घाबरवणं. बघायचं असेल तर जोते तपासणीचा दाखला बघा.

आता मुख्य मुद्दा. महारेराच्या संकेतस्थळावरची सुधारित तारीख ही बिल्डर आणि महारेरा यांच्यातली. तुमची तारीख नोंदणीकृत करारनाम्यात असते. नमुना करारात ती कलम 6 मध्ये सापडेल. नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं की रेरा (गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) करारातली तारीख नव्याने लिहीत नाही. 2020 मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं: नोंदणीची मुदत शिल्लक आहे म्हणून ग्राहकाचा दावा लांबणीवर पडत नाही.

त्यामुळे व्याज करारातल्या तारखेपासून चालू होतं. दर: स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (कर्जाच्या व्याजाचा आधारदर) अधिक 2 टक्के. समजा 60 लाख भरलेत आणि दर 11 टक्के येतो, तर महिन्याला 55,000 रुपये. घर नकोच असेल तर रेरा कायद्याच्या कलम 18 खाली सव्याज परतावा. एक वजावट मात्र खरी आहे: कोविडकाळासाठी महारेराने दिलेली सूट. पण 2020 ची सूट 15 मार्च 2020 ला किंवा नंतर मुदत संपणाऱ्या प्रकल्पांपुरती होती. त्याआधीच रखडलेल्याला ती मिळत नाही. ठेकेदार पळाला, बँकेने कर्ज अडवलं, ही दैवी आपत्ती नव्हे.

राहिली संमती. नैसर्गिक आपत्ती सोडली तर रेरा कायद्याच्या कलम 6 खाली एकूण एकच वर्ष वाढ मिळते. पुढची वाढ कलम 7(3) खाली, आणि तिथे ग्राहकांच्या बहुमताची संमती मागितली जाते. नोंदणी संपली तरी पैसे बुडत नाहीत. कलम 8 प्रमाणे उरलेलं काम करून घेण्याचा पहिला हक्क ग्राहकांच्या संघटनेचा. अर्थात नोंदणी संपून विक्री बंद झाल्यावर बिल्डरकडे येणारा पैसा आटतो, म्हणून काम खरंच चालू असेल तर संमती देणं शहाणपणाचं. फक्त पत्र नीट वाचा. "सुधारित तारीख मान्य असून विलंबाबाबत तक्रार नाही" अशी ओळ मध्येच घुसवलेली असू शकते. ती खोडून लिहा: "करारातील ताब्याची तारीख व कलम 18 चे हक्क कायम ठेवून, केवळ नोंदणीच्या मुदतवाढीस संमती." पोच घेतलेली प्रत जपा.

पुरवणी करार पुढे केला तर थांबा. करारातली तारीख खरोखर बदलते ती त्यानेच. सही करायचीच असेल, तर आजवरच्या व्याजाचा आकडा आणि तो देण्याची तारीख त्याच कागदात घालून घ्या.