‘एरर आली नाही म्हणजे मॉडेल बरोबर’ हा फॉरवर्ड पुढे पाठवू नका

माझी भाची ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका स्ट्रक्चरल डिझाइन ऑफिसात नुकतीच लागली आहे. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, आमच्याकडे सगळे हेच पाळतात. बरोबर आहे ना?’ मजकूर फायनाइट एलिमेंटच्या, म्हणजे रचनेचे छोटे तुकडे (एलिमेंट) कल्पून कॉम्प्युटरवर बळं काढण्याच्या पद्धतीच्या, पाच सूत्रांचा. सॉफ्टवेअरने एरर दिली नाही तर मॉडेल बरोबर, हाताने ताळा करायचे दिवस गेले. मेश (त्या तुकड्यांची जाळी) जितकी बारीक तितकं उत्तर खरं. शंका आली की सॉलिड एलिमेंट (विटेसारखे घन तुकडे) वापरा. पायाचे सपोर्ट फिक्स, म्हणजे जराही न हलणारे, धरा. रिॲक्शनची (सपोर्टनी दिलेल्या उलट बळांची) बेरीज भाराइतकी आली की निश्चिंत व्हा. हाच मजकूर नवी मुंबईतल्या ओळखीच्या इंजिनिअरांकडूनही आला, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

पहिलं सूत्र सगळ्यात घातक आहे. सॉफ्टवेअर फक्त एवढंच पाहतं की समीकरणं सुटतात की नाही. बीमचा नोड (तुकडे जोडले जातात तो बिंदू) स्लॅबच्या नोडपासून पाच मिलिमीटर बाजूला पडला आणि दोन्ही आपापल्या जागी टिकून राहिले, तर बहुतेक वेळा काहीच तक्रार येत नाही. फ्लोअर फिनिशचा भार टाकायचा राहिला, तरी नाही. रचना अगदीच सैल असेल तर अस्थिरतेची वॉर्निंग येते, आणि तीही न वाचता पुढे जाणारे लोक मी पाहिले आहेत.

हे अति वाटत असेल तर स्लाइप्नर ए आठवा. 23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेत स्टॅव्हँगरजवळच्या फ्योर्डमध्ये या समुद्री प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत होते. पोकळ कोठ्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्यांच्या सांध्यातल्या त्रिकोणी पोकळीत समुद्राचं पाणी. त्या त्रिकोणाची एक भिंत फुटली, पाणी आत घुसलं आणि अख्खा पाया बुडाला. नुकसान सुमारे 70 कोटी डॉलर. गणित नास्ट्रान या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरवर केलेलं होतं, आणि त्या सांध्याची मेश इतकी ढोबळ होती की भिंतीतलं शीअर (कापू पाहणारं बळ) 47 टक्के कमी दिसलं. भिंत पातळ ठेवली गेली, सळ्यांच्या टोकांची काँक्रीटमधली पकड, म्हणजे अँकरेजही, अपुरी पडली. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणात भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती 65 मीटरवर फुटली होती.

65 मीटर पाण्याचा दाब म्हणजे चौरस मीटरला सुमारे 65 टन. भिंत दोन टोकांना धरलेली पट्टी समजा, दाबाला अर्ध्या गाळ्याने गुणा, टोकाचं शीअर हातात येतं. कागदाची एक बाजूही भरत नाही. आणि ज्यांना हातगणित कालबाह्य वाटतं त्यांनी पुढचंही ऐकावं. कॉम्प्युटरच्या उत्तरांवरचा विश्वास उडाल्यामुळे नव्या पायाचं डिझाइन इंजिनिअरांनी स्लाइड रूलच्या (कॉम्प्युटरआधीच्या गणिती पट्टीच्या) काळातल्या पद्धतींनी केलं. कॉम्प्युटरची नवी उत्तरं आली तोवर त्यातला बराचसा भाग बांधूनही झाला होता.

आपला कोडसुद्धा सॉफ्टवेअरवर डोळे मिटून विसंबत नाही. भूकंपाचा कोड आयएस 1893 (भाग 1) : 2016, त्याच्या नकाशात ठाणे आणि नवी मुंबई झोन 3 मध्ये आहेत. हा कोड सांगतो की डायनॅमिक (इमारतीचं हलणं धरून केलेल्या) विश्लेषणातला बेस शीअर, म्हणजे पायाशी येणारं भूकंपाचं एकूण आडवं बळ, सूत्राने काढलेल्यापेक्षा कमी आला, तर तो वाढवून तेवढा करा. मॉडेल गरजेपेक्षा मऊ झालं तर भूकंपाचा भार कमी दिसतो, म्हणून ही अट. 45 मीटर उंचीच्या नुसत्या आरसीसी फ्रेमला कोडचं सूत्र 1.3 सेकंदांचा पिरियड (एका झोक्याला लागणारा वेळ) देतं. मॉडेल चार सेकंद दाखवत असेल तर काहीतरी सुटलेलं आहे, ते शोधा. सहा बाय सहा मीटरचा ग्रिड, दहा मजले, प्रत्येक मजल्यावर चौरस मीटरला ढोबळ 12 किलोन्यूटन भार, म्हणजे मधल्या कॉलमवर सुमारे 4300 किलोन्यूटन. मॉडेलमध्ये 2500 आले तर प्रिंट काढायची नाही.

बारीक मेशचं सूत्र अर्धं खरं आहे, हे मान्य करतो. ढोबळ मेश सहसा रचना जास्त ताठ दाखवते, डिफ्लेक्शन (वाक) कमी दिसतं, आणि स्लाइप्नरमध्ये बरी मेश असती तर आकडा सुधारला असता. पण फ्लॅट स्लॅब एका बिंदूवर टेकवला की त्या नोडवरचा मोमेंट (वाकवणारा जोर) मेश बारीक कराल तसा वाढतच जातो, कुठे थांबत नाही. आतल्या कोपऱ्यातल्या स्ट्रेसचंही तेच. त्या टोकाच्या आकड्यावर सळ्या ठरवणं म्हणजे मेशच्या मापावर सळ्या ठरवणं. काँक्रीटचा कोड आयएस 456 मोमेंट सपोर्टच्या फेसला, म्हणजे त्याच्या कडेला, घ्यायला सांगतो. तिथला आकडा पाहा, मेश अर्धी करून पुन्हा पाहा. फारसा हलला नाही तर पुरे.

सॉलिड एलिमेंटबद्दल थोडक्यात. स्लॅबच्या जाडीत आठ नोडच्या साध्या सॉलिडचा एकच थर दिला, तर शीअर लॉकिंगमुळे (एलिमेंट खोटा ताठ झाल्यामुळे) तो जवळजवळ वाकतच नाही. शिवाय सॉलिडच्या नोडला रोटेशन (फिरण्याचं माप) नसतं. त्याला जोडलेला बीम तिथे हिंज, म्हणजे बिजागरीसारखा मोकळा, होतो आणि स्क्रीनवर मात्र सांधा पक्का दिसतो.

फिक्स सपोर्ट पक्क्या खडकावर चालतील. उलवे, द्रोणागिरीच्या खाडीच्या मऊ चिखलात पाया थोडा तरी खचतो, फिरतो. मॉडेलमध्ये मातीच्या जागी स्प्रिंग धरा, तिच्या ताठपणाचा आकडा निम्मा आणि दुप्पट करून दोन्ही रन पाहा.

राहिली रिॲक्शनची बेरीज. ती करायलाच हवी, पण हाताने काढलेल्या भाराशी. सॉफ्टवेअरनेच छापलेल्या भाराशी जुळवली तर विसरलेला भार दोन्हीकडे विसरलेलाच राहतो. आणि बेरीज जुळली तरी भार कुठून कसा खाली आला हे कळत नाही. भाचीकडे घोडबंदर रोडच्या एका टॉवरचं मॉडेल आहे, पोडियमवर ट्रान्सफर गर्डर (वरच्या कॉलमचा भार बाजूच्या कॉलमांकडे नेणारा मोठा बीम), त्यावर फ्लोटिंग कॉलम (जमिनीपर्यंत न जाणारे). बेरीज चोख जुळते. पण सगळा भार पूर्ण झालेल्या इमारतीवर एकदम लावलाय, त्यामुळे वरचे मजले गर्डरला आधार देताना दिसतात. साइटवर पहिले मजले ओतले जातील तेव्हा वर काहीच नसेल, तो भार गर्डरने एकट्याने उचलायचा आहे. तिला मजल्यागणिक, बांधकामाच्या क्रमाने रन करायला सांगितलंय. तोवर त्या गर्डरच्या सळ्या ड्रॉइंगवर जाऊ देऊ नकोस, हेही.