ॲव्हरेज किती पडतं?

9.4 हा आकडा नव्या गाडीच्या पडद्यावर पहिल्यांदा दिसला तेव्हा मला ते घड्याळ वाटलं. तेव्हा पावणेदहा होतच आले होते, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. अर्ध्या तासाने पाहिलं तरी 9.4च. नवीकोरी गाडी आणि चौथ्या दिवशी घड्याळ बंद! मी तावातावाने शोरूमला फोन लावला. पलीकडचा मुलगा फारच नम्र होता. म्हणाला, "सर, घड्याळ वर उजव्या कोपऱ्यात आहे. तुम्ही बघताय ते ॲव्हरेज आहे."

माहितीपत्रकात 20.1 लिहिलं होतं.

आता खरं सांगायचं तर ही गाडी मी ॲव्हरेजसाठी घेतलीच नव्हती. टेस्ट ड्राइव्हला सेल्समन म्हणाला, "सर, दाबा." मी दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग पाठीत कुणीतरी मायेने धपाटा घालून ढकलल्यासारखी गाडी सुटली. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन, म्हणजे दुधाच्या पिशवीएवढा जीव, आणि अंगात वारं भरल्यासारखा पळतोय. "टर्बो आहे सर," तो म्हणाला, "हवा तर फुकटच असते." त्याच वाक्यावर मी सही केली. खोटं तो बोलला नव्हता. हवा फुकटच असते. तिच्याबरोबर काय लागतं, ते मी विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही.

पेट्रोल नीट जळायचं तर त्याच्या वजनाच्या 14.7 पट हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा. हे प्रमाण इंजिनाचा कॉम्प्युटर डोळ्यांत तेल घालून सांभाळतो. टर्बोने दुप्पट हवा कोंबली की तो इमानेइतबारे दुप्पट पेट्रोल सोडतो. फुकटात आलेल्या पाहुण्याबरोबर त्याचं अख्खं बिऱ्हाड आलं, असा तो प्रकार.

तसा टर्बोचा जन्म मात्र काटकसरीतूनच झालेला. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम वायू धरायचा, त्यावर एक चक्र फिरवायचं, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने इंजिनात हवा भरायची. टाकाऊतून टिकाऊ. आजच्या छोट्या गाड्यांत ही चक्रं मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातात. हिशोब असा, की इंजिन लहान ठेवायचं म्हणजे एरवी ते चिमणीएवढं पिईल, आणि गरज पडली की टर्बो मोठ्या इंजिनाचं काम करेल. या हिशोबात एकच गोष्ट धरलेली नाही. गरज कधी पडली हे माझा उजवा पाय ठरवतो, आणि त्याला ती दर दोनशे मीटरवर पडते.

सगळ्यात वर्मी लागलं ते पुढे वाचलेलं. इंजिनावर फार ताण आला की बाहेर पडणारा वायू हजार अंशांजवळ तापतो आणि टर्बोचं पातं धोक्यात येतं. अशा वेळी बऱ्याच इंजिनांचा कॉम्प्युटर जरुरीपेक्षा जास्त पेट्रोल आत सोडतो. कशासाठी? जळण्यासाठी नाही, थंडाव्यासाठी. म्हणजे मी ॲव्हरेज वाढावं म्हणून एसी बंद करून, घामाने निथळत, चष्मा पुसत गाडी चालवतोय, आणि पुढे बॉनेटखाली साहेब पेट्रोलने अंघोळ करतायत.

तर 9.4. मी या आकड्याच्या मागे लागलो.

आधी माहितीपत्रकातला 20.1 कुठून येतो ते शोधलं. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी एका बंद खोलीत फिरत्या रोलरवर चढवतात आणि ती जागच्या जागी पळते. युरोपात कित्येक वर्षं जी जुनी चाचणी चालायची, तिच्यात गाडी वीस मिनिटांत 11 किलोमीटर जायची, आणि शहराच्या भागात शून्यापासून पन्नासचा वेग गाठायला तिला 26 सेकंद दिलेले असायचे. सव्वीस! मी हे एकदा सिग्नलवर करून पाहिलं. घड्याळ लावून. बाराव्या सेकंदाला मागच्याने हॉर्नवरून हात काढणं सोडलं, आणि अठराव्याला एक सायकलवाला मला ओलांडताना काचेतून आत वाकून बघून गेला. मला काही झालंय का, अशा काळजीने. 2017 पासून तिकडे नवी चाचणी आली, अर्ध्या तासाची आणि 23 किलोमीटरची. ती जुनीपेक्षा बरीच खरी आहे, पण एसी तिथेही बंदच. शिवाय खोलीत ना खड्डे, ना सिग्नल, ना शेजारी बसून "अहो, हळू" म्हणणारं कोणी. रस्त्यावर पाय न ठेवता काढलेला आकडा तो. घरात बसून आपणही सगळेच सद्गुणी असतो.

मग सुरू झालं माझं व्रत. टायरमधली हवा तपासली, चारही टायरांत कमी निघाली. टायर बसका असला की गाडी चिखलातून ओढल्यासारखी चालते, तेव्हा हे काम खरंच उपयोगाचं होतं. डिकी रिकामी केली. त्यात दोन छत्र्या, एक चटई आणि हिच्या भिशीच्या मैत्रिणींनी विसरलेला पिशव्यांचा गठ्ठा निघाला. तेवढ्याने समाधान होईना म्हणून स्टेपनीकडे हात घातला, तेव्हा ही म्हणाली, "मलाही उतरवा ना. पंचावन्न किलो वाचतील." मी नाही म्हणायला जरा उशीर केला, तो आठवडाभर महागात पडला.

पायात जाड तळव्याचे बूट घालणं बंद केलं. ॲक्सिलरेटरखाली कच्चं अंडं ठेवलंय अशा बेताने पाय टेकवायचा. पुढचा सिग्नल लाल दिसला की शंभर मीटर आधीच पाय उचलायचा. इथे मला एक शोध लागला. मेहुण्याच्या सल्ल्याने मी उतारावर गाडी न्यूट्रल करत होतो, पेट्रोल वाचतं म्हणून. वाचत नाही! वेगात असताना गिअरमध्येच पाय उचलला, तर इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, पूर्ण बंद होतात, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रल केलं की बिचाऱ्याला बंद पडू नये म्हणून स्वतःच्या खर्चाने फिरावं लागतं. वर इंजिनाचा ब्रेकही मिळत नाही, म्हणजे जीवाशी खेळ वेगळाच. मेहुण्याला हे ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "भाऊजी, माझी बावीस देते."

हे बावीस माझ्या संसारातलं मोठं शल्य. त्याची गाडी जुनी, बिनटर्बोची. कुठल्याही समारंभात कुणीही विचारावं, "ॲव्हरेज किती पडतं?" आणि त्याने हातातल्या बशीवरून नजरही न उचलता म्हणावं, "बावीस. सहज." त्या 'सहज'ने माझा जीव जातो.

पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, तो गाडीनेच गाडीला दिलेला दाखला असतो, असं एका जाणत्याने सांगितलं. इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून गाडी तो हिशोब करते, आणि बहुतेक वेळा स्वतःला दोन मार्क वाढवून घेते. खरी परीक्षा म्हणजे टाकी फुल करायची, गाडी फिरवायची, परत फुल करायची, आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. ऐकायला किती सोपं!

पहिल्या वेळी पंपावरच्या पोराने नोझल लावलं. खट्ट. आपोआप कट झालं. "झालं साहेब." मी म्हटलं, "अजून बसेल बघ." त्याने पुन्हा दाबलं. खट्ट. पुन्हा. खट्ट. मी टाकीच्या तोंडाला कान लावून वाकलो होतो. आतून गुळगुळ आवाज वर वर येत गेला, आणि शेवटी पेट्रोल काठाशी येऊन माझ्याकडे बघू लागलं. पोरगाही बघत होता, पण माझ्याकडे. (असं काठोकाठ भरू नये, पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यात पेट्रोल जाऊन तो खराब होऊ शकतो. हे मला नंतर कळलं.) मी 142 किलोमीटर फिरून परत आलो, तर नोझलवर दुसराच पोरगा. पहिल्या खट्टला त्याने झाकण लावून टाकलं. आठ लिटर. भागाकार केला: 17.75!

मी गाडीतच बसून मेहुण्याला फोन केला. त्याने "बरं" म्हटलं.

पुढच्या आठवड्यात 138 किलोमीटरनंतर पुन्हा गेलो. या खेपेला पहिला पोरगा होता. त्याने मला ओळखलं, आणि न सांगताच काठोकाठ भरायला घेतलं. खट्ट, खट्ट, खट्ट. 13.8 लिटर. भागाकार कॅल्क्युलेटरशिवायही होत होता: 10. रविवारी वधारलेला माणूस पुढच्या रविवारी असा आपटला. घरी जाऊन वही घेतली आणि दोन्ही खेपा एकत्र केल्या. 280 किलोमीटर, 21.8 लिटर, म्हणजे 12.8. पडदा तेव्हा 13.6 दाखवत होता. म्हणजे एका खट्टच्या फरकाने मी एका आठवड्यात संत झालो होतो आणि दुसऱ्या आठवड्यात उधळ्या, आणि गाडी दोन्ही वेळा तीच होती.

शहरातलं सोडा, हायवेला बघू, म्हणून एका सकाळी मेहुण्याला साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं. काटा ऐंशीवर खिळवला. (खरा वेग त्याहून कमीच असणार. स्पीडोमीटरने कमी दाखवायचं नाही, थोडं जास्त दाखवलं तर चालतं, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. या गाडीत खरं कोण बोलतं कोणास ठाऊक.) ऐंशीवरून शंभरला गेलं तरी वाऱ्याचा विरोध दीडपटीवर जातो, हे पाठ असल्यामुळे मी ट्रकच्या मागे, सोवळ्यातल्यासारखा, अंतर राखून चाललो होतो. आकडा चढत होता. 16. 17.3. 18.6. मेहुण्याला तो दिसावा म्हणून मी मान मुद्दाम उजवीकडे झुकवली होती.

तेवढ्यात एक खटारा आम्हाला ओलांडून गेला. मागे काच नव्हती, प्लास्टिक लावलेलं होतं. त्या प्लास्टिकमागून एक लहान मुलगा आमच्याकडे बघून हात हलवत होता.

टाटा करत होता तो, दुसरं काही नाही. पण माझा पाय गेला. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग तो मायेचा धपाटा! खटारा मागे, ट्रक मागे, पडद्यावरचा चालू आकडा 4.1 आणि मेहुण्याने वरची दांडी घट्ट धरलेली. "वा, भाऊजी!" तो म्हणाला. एवढ्या वर्षांत तो मला पहिल्यांदाच "वा" म्हणाला होता.

त्या भरात मी धीर करून विचारलं, "तू मोजतोस कसं रे? टाकी फुल करून की मीटरवर?"

"काय?"

"बावीस."

"मोजतंय कोण?" तो बाहेर बघत म्हणाला. "बावीस सांगितलं की विषय संपतो. एकोणीस सांगून बघा एकदा, दहा जण उपाय सुचवायला लागतात."

पुढचे चाळीस किलोमीटर मी एसी लावून गाडी चालवली.

परवा ही एकटी गाडी घेऊन गेली होती. संध्याकाळी दोघे मिळून निघालो, तर पडद्यावर नुसत्या रेघा. --.- माझ्या पोटात गोळा आला. दीड महिन्याचा आकडा होता तिथे, 13.6 वर आणून ठेवलेला. "काही नाही हो," ही म्हणाली, "गाण्याचं नाव दिसत नव्हतं, म्हणून ते स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरलं. तेव्हापासून रेघा आल्यात. बिघडलं का काही?"

"नाही."

इंजिन थंड होतं, आणि थंड इंजिन सुरुवातीला पेट्रोल ओढतंच. गाडी बाहेर काढली, वळवली, पहिलं वळण गेलं, आणि रेघांच्या जागी आकडा उमटला. 5.2.

हिने पुढे वाकून पाहिलं. "अगं बाई, पाच वाजून गेले?"

"हो," मी म्हटलं. "उशीर झालाय." आणि दाबलं.