युरोपातल्या भांडणाचा भुर्दंड आमच्या घरी कशाला?

डोकं फिरलंय नुसतं. पीसी हळू चालतो म्हणून दुकानात दिला, तर त्या पठ्ठ्याने फॉरमॅट मारून, नवं विंडोज टाकून चकाचक करून आणून दिला. पैसे मोजून घेतले आणि गेला. बाबांनी नेहमीच्या कीर्तनाच्या फाइलवर क्लिक केलं, तर समोर खिडकी: ही फाइल कशात उघडायची? अरे, मला काय विचारतोस? मीडिया प्लेअर शोधला, नाही. आवाज रेकॉर्ड करायचं ते अ‍ॅप, तेही नाही.

फोन केला तर म्हणे, "सर, हल्ली विंडोजमध्ये येतच नाही ते. व्हीएलसी टाका ना." धादांत खोटं! व्हीएलसी हा फुकटातला प्लेअर टाकला, कीर्तन वाजलं, कारण तो आपले कोडेक, म्हणजे गाणी-व्हिडिओ उलगडणारे भाग, स्वतःसोबत आणतो. पण पोराने गेम चालू केला आणि पाटी आली, 'एमएफप्लॅट डॉट डीएलएल' (आवाज-व्हिडिओसाठी लागणारी विंडोजचीच फाइल) सापडत नाही. त्याचं काय करू? यावर 'ती फाइल नेटवरून उतरवून सिस्टीम फोल्डरमध्ये टाका' असं सांगणारे महाभागही भेटले. कुठल्या कोण साइटवरची फाइल घरात घ्यायची, म्हणजे चोराला आपणच चहा पाजायचा.

शेवटी सेटिंग्जमध्ये जाऊन 'अबाउट' उघडलं. लिहिलंय काय? विंडोज ११ प्रो एन. हा 'एन' म्हणजे प्लेअर आणि त्याच्यासोबतचे आवाज-व्हिडिओचे भाग काढून टाकलेली आवृत्ती. २००४ साली युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोचा दंड ठोकला आणि प्लेअर नसलेलं विंडोजही विकायला लावलं, त्यातून ही निघाली. गंमत म्हणजे दोन्हींची किंमत सारखीच ठेवली, मग कमी माल कोण घेणार? तिथेही कुणी विचारलं नाही तिला. आणि आमच्या या शहाण्याने हाताला लागली ती विंडोजची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि दिली ठोकून! नाव वाचायला किती वेळ लागतो रे?

आता उपाय ऐका, म्हणजे आणखी चिडाल. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधायचं, तिथल्या यादीत 'मीडिया फीचर पॅक'वर (काढलेले भाग परत आणतो तो) खूण करायची, इन्स्टॉल, रीस्टार्ट. झालं! गेम सुरू. रेकॉर्डरसारखं एखादं अ‍ॅप मात्र स्टोअरमधून वेगळं घ्यावं लागतं. 'एन' नसेल आणि नुसता जुना विंडोज मीडिया प्लेअर गायब असेल, तर तोही त्याच यादीत सापडतो.

एवढंसं काम, आणि त्याला ते माहीत नाही. वर साहेब काय म्हणतात, "आणून द्या सर, परत फॉरमॅट मारतो, चार्ज थोडा कमी लावीन." चार्ज! त्याच्याच चुकीचा चार्ज, आणि तो मी द्यायचा!