खुलासा : अलिबागच्या किनाऱ्यावरचे घोडे रानटी नाहीत
अलिबागच्या पुळणीवर मोकळे दिसणारे घोडे फुटलेल्या अरबी जहाजांतून आलेले रानघोडे असून, १९७१ च्या कायद्याने त्यांना वारसा म्हणून संरक्षण आहे, हा सध्या फिरणारा संदेश खरा नाही. हे घोडे पर्यटकांना फेरी मारणारे, पाळीव आहेत. जवळून पाहिल्यास खुरांना ठोकलेले नाल आणि खोगिराने घासलेली पाठ दिसते. १९७१ चा कायदा अमेरिकेचा असून तो तिथल्या मस्टँग या मोकाट फिरणाऱ्या घोड्यांसाठी आहे, आणि तेही स्पॅनिशांनी नेलेल्या पाळीव घोड्यांचेच वंशज. अलिबागजवळच्या चौल बंदरात पूर्वी परदेशी घोडे उतरत, एवढे मात्र खरे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी तिथे घोडा घेऊनच आला होता, पण इतके महागडे जनावर मोकाट कोण सोडणार? आपल्या घोड्यांना लागू होतो तो १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा.