म्हणे क्वार्टरबॅक पहिल्या राउंडला घेऊच नका! का बरं?

एप्रिलमधला ड्राफ्ट (नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम) जवळ आला की एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत तोच फॉरवर्ड परत फिरायला लागतो. (क्वार्टरबॅक किंवा क्यूबी म्हणजे बॉल फेकून टीमचा हल्ला चालवणारा, लाइन म्हणजे त्याला वाचवणारे पुढचे गडी.) थोडक्यात असा: "टॉम ब्रेडी १९९ नंबरला मिळाला, ब्रॉक पर्डी २६२ ला. पहिल्या राउंडचे अर्धे क्वार्टरबॅक फेल जातात आणि करोडो डॉलर पाण्यात. आधी लाइन आणि डिफेन्स उभा करा, क्यूबी नंतर बघता येतो. नाहीतर बाजारातून अनुभवी माणूस आणा. आणि घ्यायचाच असेल तर पुढच्या वर्षी, पुढचा क्लास भारी आहे."

मी जेट्सवाला, न्यूयॉर्क जेट्स ही माझी टीम. म्हणजे २०१८ ला तिसऱ्या नंबरला सॅम डार्नल्ड आणि २०२१ ला दुसऱ्या नंबरला झॅक विल्सन, हे दोन्ही क्वार्टरबॅक आमच्याकडे फेल गेलेले बघून झालेत, त्यामुळे खरं तर हा फॉरवर्ड सगळ्यात आधी मीच पुढे ढकलायला हवा. पण नाही पटत. एकेक मुद्दा घेऊनच बोलतो.

(नवीन लोकांसाठी: हा ड्राफ्ट आयपीएलसारखा लिलाव नाही, इथे बोली लागत नाही. ३२ टीम, ७ राउंड, आणि आदल्या सीझनला जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिला पहिला नंबर. कॉलेजमधून आलेली पोरं पाळीपाळीने उचलायची. त्या पाळीला, आणि तिच्यावर घेतलेल्या पोरालाही, पिक म्हणतात; आपले पिक देऊन दुसऱ्या टीमच्या वरच्या नंबरवर चढता येतं. एका वर्षीची सगळी पोरं म्हणजे क्लास.)

"ब्रेडी १९९, पर्डी २६२"

हे वाक्य वाचून असं वाटतं की ब्रेडीला घेणाऱ्या पेट्रियट्सना कुठेतरी गुपित कळलेलं होतं. अहो, त्यांनीच त्या २००० च्या ड्राफ्टमध्ये ब्रेडीच्या आधी सहा जण घेतले! ब्रेडी त्यांचा सातवा माणूस. तो इतका भारी निघणार हे माहीत असतं तर १९९ पर्यंत कोण थांबलं असतं? आणि त्यांना थांबणं परवडलं कारण त्यांच्याकडे ड्रू ब्लेडसो होता, जो १९९३ चा पहिल्या नंबरचा पिक, आणि त्याला मार्च २००१ मध्ये १० वर्षांचा १० कोटी ३० लाख डॉलरचा करार दिलेला. ब्रेडीने पहिल्या वर्षी अख्ख्या सीझनमध्ये तीन पास टाकले, त्यातला एक पोचला. सप्टेंबर २००१ मध्ये ब्लेडसोला (आमच्याच जेट्सच्या मो लुइसने, बघा आमचं नशीब) असा काही ठोकला की तो थेट हॉस्पिटलात, आणि मग ब्रेडी आत आला तो पुढची जवळजवळ वीस वर्षं हललाच नाही.

पर्डीचं तर अजूनच मजेशीर आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ ला ट्रे लान्ससाठी तिसऱ्या नंबरवर चढायला पहिल्या राउंडचे तीन पिक मोजले होते. २०२२ ला दुसऱ्याच मॅचमध्ये लान्सचा घोटा मोडला. मग जिमी गॅरोपोलो आला, डिसेंबरमध्ये त्याचाही पाय मोडला. तेव्हा कुठे तिसरा माणूस म्हणून ड्राफ्टचा अगदी शेवटचा पिक मैदानात उतरला, तेही मॅकॅफ्री, किटल, डीबो सॅम्युअल आणि ट्रेंट विल्यम्स असे स्टार आजूबाजूला असताना आणि डोक्यावर शॅनहनसारखा कोच असताना. पर्डी चांगलाच आहे, त्याचं श्रेय कोणी काढून घेत नाहीये, पण दोन जणांचे पाय मोडल्यावर सापडलेल्या माणसाला तुम्ही प्लॅन कसं म्हणता?

आणि एक गोष्ट हा फॉरवर्ड कधीच सांगत नाही. १९९४ पासून ड्राफ्ट सात राउंडचा झाला. तेव्हापासून चौथ्या ते सातव्या राउंडमध्ये एवढे क्वार्टरबॅक घेतले गेले, त्यातला सुपर बोल (लीगची फायनल) जिंकलेला स्टार्टर, म्हणजे सुरुवातीपासून खेळलेला क्यूबी, किती, तर एक. ब्रेडी. बस. (कर्ट वॉर्नर म्हणाल, पण तो ड्राफ्टच झाला नव्हता.) बाकी मॅनिंग बंधू, रॉथलिसबर्गर, रॉजर्स, फ्लॅको, माहोम्स, स्टॅफर्ड, सगळे पहिल्या राउंडचे, ब्रीज आणि हर्ट्स दुसऱ्या, रसेल विल्सन आणि फोल्स तिसऱ्या.

"अर्धे फेल जातात"

जातात की! कोण नाही म्हणतंय. २०२१ ला पहिल्या राउंडमध्ये पाच गेले: लॉरेन्स, झॅक विल्सन, लान्स, फील्ड्स, मॅक जोन्स. तीन वर्षांत लॉरेन्स सोडून बाकी चौघे आपापल्या टीममधून बाहेर. पण फेल म्हणजे नक्की कोण फेल, हे बघा ना जरा. २०१८ चे पाच घ्या. जॉश ॲलन आणि लमार जॅक्सन दोघेही पुढे एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाले, लमार तर दोनदा. जॉश रोझन खरंच गेला, एका वर्षात ॲरिझोनाने हाकलला. उरले बेकर मेफिल्ड आणि आमचा डार्नल्ड. मेफिल्डला क्लीव्हलँडने काढला, तो टँपाला जाऊन डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकायला लागला. डार्नल्डला आम्ही तीन वर्षांत दोन हेड कोच दाखवले, धड रिसीव्हर (पास झेलणारे) दिले नाहीत, मग कॅरोलायनाला विकला, आणि २०२४ ला तोच माणूस मिनेसोटात १४ मॅच जिंकून बसला. आता यात डार्नल्ड फेल का जेट्स फेल? पिक चुकला असं म्हणायला सोपं जातं, कारण मालक आणि कोच आपल्याला बदलता येत नाहीत.

"करोडो डॉलर पाण्यात"

हे वाक्य २०१० पर्यंत खरं होतं, त्यानंतर जुनं झालं, पण फॉरवर्ड काही अपडेट झालेला नाही. २०१० ला सेंट लुइसने सॅम ब्रॅडफर्डला पहिल्या नंबरला घेतला, करार ६ वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलर, त्यातले ५ कोटी गॅरंटीड. एकही मॅच न खेळलेल्या पोराला! असा पिक चुकला तर खरंच टीम बसायची. पण लीग आणि खेळाडूंच्या युनियनच्या २०११ च्या नव्या करारात नवख्या खेळाडूंच्या पगाराला पिकच्या नंबरप्रमाणे पट्टी बसवली. त्याच वर्षी पहिल्याच नंबरचा कॅम न्यूटन किती ला गेला, तर ४ वर्षांचे २ कोटी २० लाख.

हिशोब सोपा आहे. २०२४ चा पहिला पिक केलेब विल्यम्स, चार वर्षांचे मिळून साधारण ३ कोटी ९५ लाख डॉलर. अनुभवी क्यूबी डॅक प्रेस्कॉटचा डॅलसशी झालेला करार वर्षाला ६ कोटी. म्हणजे विल्यम्सची चार वर्षं डॅकच्या एका वर्षापेक्षा स्वस्त. २०२५ ची कॅप (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) होती २७ कोटी ९२ लाख, त्यातला क्यूबीवर वाचलेला पैसाच तर लाइन आणि डिफेन्सला लावायचा असतो. माहोम्सने पहिला सुपर बोल त्याच स्वस्तातल्या पहिल्या करारावर जिंकला. शिवाय पहिल्या राउंडच्याच खेळाडूला टीम पाचव्या वर्षासाठी ठेवून घेऊ शकते. बाल्टिमोर २०१८ ला ३२ व्या, म्हणजे पहिल्या राउंडच्या अगदी शेवटच्या पिकवर चढून आली आणि लमारला उचलला, दुसऱ्या राउंडची वाट बघत बसली असती तर ते पाचवं वर्ष गेलं असतं, आणि कदाचित लमारसुद्धा.

फक्त एक सांगतो, वर चढायला किती पिक द्यायचे हा वेगळा विषय आहे. कॅरोलायनाने २०२३ ला ब्राइस यंगसाठी शिकागोला जे दिलं (डी जे मूरसारखा रिसीव्हर, आणि पुढच्या वर्षीचा पहिला पिक, जो फिरून पहिल्या नंबरचाच निघाला आणि शिकागोने त्यावर विल्यम्स घेतला) ते बघून पोटात गोळा येतो. ते महाग पडलं हे मान्य.

"आधी लाइन, आधी डिफेन्स, क्यूबी नंतर"

ऐकायला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

हा प्रयोग झालेला आहे. क्लीव्हलँड ब्राउन्सनी केला. २०१६ ला त्यांच्याकडे दुसरा नंबर होता, तो त्यांनी ईगल्सना विकून पिक गोळा केले, ईगल्सनी त्यावर कार्सन वेन्ट्झ घेतला. २०१७ ला ब्राउन्सकडे पहिला आणि बारावा असे दोन नंबर. पहिल्यावर माइल्स गॅरेट घेतला, जो डिफेन्समधला खरोखरचा राक्षस आहे, त्या निवडीला कोणीच नावं ठेवू शकत नाही. माहोम्स तेव्हा दहाव्याला गेला. बारावा नंबर त्यांनी ह्यूस्टनला विकला, ह्यूस्टनने त्यावर डेशॉन वॉटसन घेतला. आणि ब्राउन्सनी क्यूबी कधी घेतला? दुसऱ्या राउंडला, ५२ व्या नंबरला, डिशोन कायझर. फॉरवर्डमध्ये सांगितलंय अगदी तस्सं. निकाल: २०१६ ला १-१५ (एक जिंकली, पंधरा हरल्या), २०१७ ला ०-१६. कायझरने १५ मॅच सुरू केल्या, १५ हरल्या, २२ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पळवलेले पास). आणि तिकडे २०१७ ला वेन्ट्झ ईगल्सना ११-२ वर नेऊन जखमी झाला, फोल्सने पुढचं काम केलं, सुपर बोल ईगल्सकडे.

इथेच संपलं असतं तरी ठीक. मार्च २०२२ मध्ये ह्याच ब्राउन्सनी ह्याच वॉटसनला ह्याच ह्यूस्टनकडून आणला, पहिल्या राउंडचे तीन पिक देऊन आणि २३ कोटी डॉलरचा पूर्ण गॅरंटीड करार करून, तेही त्याच्यावर वीसहून जास्त महिलांनी गैरवर्तनाच्या केसेस केलेल्या असताना. ११ मॅचची बंदी बसली ती वेगळीच. मेफिल्डला बाहेर काढला तो ह्याच्यासाठी. ह्यूस्टनने २०२३ ला आपल्या दुसऱ्या नंबरवर सी जे स्ट्राउड घेतला, आणि ब्राउन्सकडून आलेला बारावा पिक वापरून लगेच तिसऱ्या नंबरवर चढून डिफेन्सचा विल अँडरसन पण घेतला. त्याच सीझनला प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) समोर कोण आलं? ब्राउन्स. ह्यूस्टन जिंकलं, ४५-१४. गॅरेट त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेअर होता बरं का.

कोल्ट्सचंही बघा. २०१८ ला आम्हाला तिसरा नंबर विकून ते सहाव्यावर उतरले आणि क्वेन्टन नेल्सन घेतला, गार्ड (लाइनमधला गडी), पहिली तिन्ही वर्षं ऑल-प्रो (लीगच्या सर्वोत्तम संघात). आम्ही डार्नल्ड घेतला. तेव्हा सगळे आम्हाला हसले आणि बरोबर हसले. पण ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांचा क्यूबी अँड्र्यू लक अचानक रिटायर झाला आणि मग त्या भारी लाइनच्या मागे कोण कोण उभं राहिलं: ब्रिसेट, रिव्हर्स, वेन्ट्झ, मॅट रायन. २०२१ ला शेवटच्या मॅचमध्ये जिंकलं की प्लेऑफ, समोर २-१४ वालं जॅक्सनव्हिल, आणि तिथे हरले! गार्ड कितीही सोन्याचा असला तरी बॉल फेकायला कोणीतरी लागतंच ना.

लाइन नको असं मी म्हणत नाहीये. २००२ ला ह्यूस्टनने नव्या टीममध्ये डेव्हिड कारला पहिल्या नंबरला आणून उभा केला आणि बिचाऱ्याला एका सीझनमध्ये ७६ वेळा पाडला, तो रेकॉर्ड आहे. पण सिनसिनाटी बघा, २०२० ला आधी जो बरो घेतला, त्याचा गुडघा गेला, तरी २०२१ ला लाइनमन सेवेल सोडून रिसीव्हर जमार चेस घेतला, सगळे ओरडले, आणि पुढच्या फेब्रुवारीत ते सुपर बोलमध्ये होते. टेनेसीने प्लेऑफमध्ये बरोला नऊ वेळा पाडला, ती मॅचसुद्धा तेच जिंकले. फायनलला सात वेळा पडला आणि हरले, ते सोडा, त्या टीमने त्याआधी ३१ वर्षं प्लेऑफची एक मॅच जिंकली नव्हती.

"बाजारातून अनुभवी आणा"

चांगला, धडधाकट क्वार्टरबॅक कोण विकतं हो? आम्ही आणला, ॲरन रॉजर्स. ११ सप्टेंबर २०२३, घरचं मैदान, चौथ्याच स्नॅपला (बॉल हातात आल्यावर) टाचेमागची शीर तुटली, सीझन संपला. अटलांटाने मार्च २०२४ ला कर्क कझिन्सला ४ वर्षांचा १८ कोटींचा करार दिला आणि पुढच्याच महिन्यात आठव्या नंबरला पेनिक्स हा दुसरा क्यूबी घेतला, डिसेंबरात कझिन्स बेंचवर. रॅम्सला स्टॅफर्ड लाभला हे खरं, पण त्यासाठी दोन पहिल्या राउंडचे पिक, एक तिसऱ्याचा आणि वर जॅरेड गॉफ द्यावा लागला. आणि तो स्टॅफर्ड तरी कोण, २००९ चा पहिला पिक.

"पुढच्या वर्षी बघू"

इथे अर्धं मान्य. खुर्ची रिकामी आहे म्हणून कोणालाही बसवू नका. २०२२ ला पहिल्या राउंडमध्ये एकच गेला, केनी पिकेट, विसावा, त्याच्यानंतरचा थेट ७४ वा. अशा वर्षी गप्प बसावं. पण ज्याच्यावर तुमच्या स्काउट लोकांचा खरा विश्वास आहे तो समोर असताना "पुढचा क्लास भारी" म्हणून थांबायचं असेल तर आधी जायंट्सना विचारा.

२०१८, जायंट्सचा दुसरा नंबर, इलाय मॅनिंग ३७ चा. डार्नल्ड, ॲलन, लमार सगळे शिल्लक होते. घेतला कोण, तर रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) सॅक्वॉन बार्कली. पोरगा अप्रतिम, पहिल्या वर्षी बक्षीसही मिळालं, टीम मात्र ५-११. पुढच्या वर्षी क्यूबी घेतला, पण आता नंबर सहावा, डॅनियल जोन्स. २०२३ ला त्याला ४ वर्षांचे १६ कोटी, नोव्हेंबर २०२४ ला सोडून दिला. बार्कलीला तर त्याच वर्षी जाऊ दिलं होतं, तो ईगल्सकडे गेला, २००५ यार्ड पळाला आणि सुपर बोल घेऊन आला. एप्रिल २०२५ ला जायंट्स परत पिक मोजून वर चढले, २५ व्या नंबरला, जॅक्सन डार्टसाठी. राउंड पहिलाच.